कणाकणांतून घडणारा धातू

तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे, महेंद्रगिरी येथे, अग्निबाणांची इंजिने पारखण्याचे इस्रोचे केंद्र आहे. ९ मे २०२४ रोजी तेथे पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्याचे एक इंजिन ६६५ सेकंद अखंड पेटते ठेवून पाहण्यात आले आणि ते त्या कसोटीस उतरले. इंजिन जुन्याच जातीचे होते. नवी होती ती त्याची घडण. पूर्वी जे चौदा भाग निरनिराळे घडवून, एकोणीस ठिकाणी वेल्डिंगचे सांधे देऊन एकत्र आणावे लागत, त्या सर्वांचा मिळून आता एकच अखंड नग झाला होता. आणि ज्या कामासाठी पूर्वी ५६५ किलो वजनाचे घडीव ठोकळे व पत्रे आणून त्यांचा बहुतेक भाग कातून, तासून टाकून द्यावा लागे, तेच काम १३.७ किलो धातूच्या भुकटीत भागले होते.

या यशाचे वर्तमान प्रसिद्ध झाले तेव्हा कौतुकाचा मोठा वाटा यंत्राला, म्हणजे भुकटीचे थर लेसरने वितळवून वस्तू उभी करणाऱ्या त्रिमितीय छपाईच्या यंत्राला मिळाला, आणि तो अनाठायी होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु ही पावणेचौदा किलो भुकटी कोठून येते, ती कशी करतात, आणि बाजारात मिळणारी कोणतीही धातूची पूड तिच्या जागी का चालत नाही, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. वास्तविक वस्तूचे गुणदोष यंत्रात लेसर पेटण्याच्या फार आधी, भुकटीचा कण जन्माला येतो त्या क्षणीच, बऱ्याच अंशी ठरून गेलेले असतात. म्हणून या नव्या घडणीचे मर्म ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने यंत्रापाशी न थांबता भुकटीच्या कारखान्यापर्यंत मागे गेले पाहिजे.

यंत्राची कल्पना येण्यापुरता तपशील प्रथम सांगितला पाहिजे. हवा काढून तिच्या जागी आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, एका सपाट तबकावर, भुकटीचा पातळ थर पात्याने किंवा रुळाने पसरतात. या थराची जाडी साधारणतः ३० ते ६० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. संगणकाच्या हुकुमाप्रमाणे लेसरचा झोत त्या थरावर वस्तूच्या त्या पातळीवरील छेदाची आकृती गिरवतो, झोत पडेल तेथील कण वितळून खालच्या थराशी एकजीव होतात, तबक एका थराइतके खाली उतरते आणि त्यावर नवा थर पसरला जातो. हीच क्रिया शेकडो, पुष्कळदा हजारो वेळा घडली की सुट्या भुकटीच्या ढिगात पुरलेली तयार वस्तू हाती येते. लेसरऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारी यंत्रेही आहेत. ती निर्वात पोकळीत चालतात व त्यांना थोडे जाड कण लागतात. या विद्येचा आरंभ १९८० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकर्ड यांनी केला. धातू पूर्णपणे वितळवून घन वस्तू करण्याची रीत १९९० च्या दशकात जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेत सिद्ध झाली.

आता पाते फिरवून इतका पातळ थर सर्वत्र सारखा पसरावयाचा, तर भुकटीच्या अंगी कोणते गुण असावे लागतील याचा विचार करावा. कण थराच्या जाडीहून फार मोठे असता उपयोगी नाहीत, नाही तर पाते त्यांना ओढत नेऊन थरावर ओरखडे पाडील. आणि ते अतिशय बारीकही असता उपयोगी नाहीत, कारण काही मायक्रॉनांचे कण परस्परांना चिकटून गुठळ्या करतात आणि वाहण्याचे नाव घेत नाहीत. लेसरच्या यंत्रासाठी म्हणून १५ ते ४५ मायक्रॉन आणि इलेक्ट्रॉनांच्या यंत्रासाठी ४५ ते १०६ मायक्रॉन असे माप सर्वसाधारणपणे ठरून गेले आहे. त्या मापात मोठ्या कणांमधील पोकळी भरून काढण्यास लहान कणांचा योग्य भरणाही असावा लागतो, म्हणजे थर दाट बसतो. कण गोल असावा, कारण गोल कण गोल कणावरून घरंगळतो व कोनेदार कण कोनेदार कणात अडकतो. तो आतून भरीव असावा, त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडाचे जाड कवच नसावे, आणि सबंध पिंपातील प्रत्येक कणाची घटना एकच असावी. कुटून, दळून किंवा कानशीने घासून केलेल्या भुकटीत यांतले बहुतेक गुण येत नाहीत. म्हणून या कामाची भुकटी द्रवातून जन्मास घालावी लागते.

द्रवाच्या थेंबाला गोल करण्याचे काम मनुष्याला करावे लागत नाही; ते पृष्ठताण करतो, कारण दिलेल्या आकारमानाचा सर्वांत लहान पृष्ठभाग गोलाचाच असतो. या नियमाचा धंद्यासाठी उपयोग करून घेणारा एक कल्पक इसम इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी होऊन गेला. विल्यम वॉट्स हे त्याचे नाव. त्याने आपल्या घरावर मनोरा चढवून, वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून खाली पाण्यात पाडले, पडता पडता थेंब गोल होऊन थिजले आणि बंदुकीचे छर्रे तयार झाले. या युक्तीचे पेटंट त्याने १७८२ साली मिळवले. शिशात थोडा आर्सेनिक मिसळला तर छर्रे अधिक गोल उतरतात, हेही त्या काळच्या कारागिरांना ठाऊक होते. आजचा धातुभुकटीचा मनोरा हा तत्त्वतः त्याच मनोऱ्याचा वंशज होय. फरक इतकाच की छर्रा मिलिमीटरांत मोजला जाई, आणि येथे त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका कण हवा असल्यामुळे नुसत्या पडण्यावर भागत नाही, थेंबांच्या चिंधड्या उडवाव्या लागतात.

त्या उडवण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे वायूच्या झोताने कणीकरण करणे. मनोऱ्याच्या माथ्यावर निर्वात भट्टी असते. तीत ठरलेल्या प्रमाणात पोलाद, निकेल किंवा कोबाल्ट यांचे मिश्रण विजेच्या प्रवर्तनाने वितळवतात आणि तो रस मुशीच्या तळाशी असलेल्या काही मिलिमीटरांच्या छिद्रातून बारीक धारेने खाली सोडतात. धार छिद्रातून बाहेर येते न येते तोच तिच्यावर चहूबाजूंनी प्रचंड दाबाखाली नायट्रोजन अथवा आर्गॉन वायूचे झोत आदळतात, धारेचे पडदे होतात, पडद्यांच्या तारा होतात, तारांचे थेंब होतात, आणि मनोऱ्यात खाली कोसळताना ते थेंब सेकंदाला हजारो अंश इतक्या वेगाने निवून गोल कण बनतात. एवढ्या त्वरेने थिजल्यामुळे मिश्रणातील मूलद्रव्यांना परस्परांपासून अलग होण्यास अवसरच मिळत नाही. मोठ्या ओतीव ठोकळ्यात मध्य आणि कड यांच्या घटनेत जो भेद राहतो तो येथे राहत नाही. तळाशी पडलेले जड कण पिंपात आणि वायूबरोबर वाहत गेलेले हलके कण सायक्लोन नावाच्या शंक्वाकार पात्रात, अशी त्यांची वेगवेगळी जमवाजमव होते.

हे वर्णन जितके सरळ आहे तितकी ती क्रिया सरळ नाही. मनोऱ्यातील वायूचे भोवरे आधीच थिजलेल्या बारीक कणांना वर उचलून अर्धवट ओल्या मोठ्या कणांवर आपटतात, आणि मग मोठ्या गोलाला लहान गोल चिकटलेले दिसतात. त्यांना उपग्रह म्हणतात. असे कण घरंगळत नाहीत. दुसरा दोष अधिक कपटी आहे. थेंबाचा पडदा फाटताना कधी तो वायूलाच आपल्या पोटात गुंडाळून घेतो आणि बाहेरून निर्दोष दिसणारा कण आतून पोकळ निघतो. आर्गॉन धातूत विरघळत नाही. त्यामुळे तो बुडबुडा लेसरच्या वितळणातून वाचला तर तयार वस्तूत छिद्र म्हणून राहतो. प्रचंड दाब व उष्णता देऊन ते छिद्र मिटवता येते खरे, परंतु वायू तेथेच दडपलेला असतो, आणि पुढे त्या भागाला पुन्हा तीव्र उष्णता मिळाली तर छिद्र परत उघडू शकते. तिसरी अडचण हिशेबाची आहे. मनोऱ्यातून काही मायक्रॉनांपासून शेकडो मायक्रॉनांपर्यंत सर्व आकारांचे कण एकदम बाहेर पडतात. त्यांतला लेसरयोग्य हिस्सा वेगळा काढला की उरलेल्यासाठी दुसरे गिऱ्हाईक शोधावे लागते किंवा तो पुन्हा भट्टीत घालावा लागतो. या भुकटीची किंमत त्याच धातूच्या सळईच्या कित्येक पट असते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

वायूच्या जागी पाण्याचे फवारे वापरले तर खर्च पुष्कळ उतरतो. पण पाणी थेंबाला गोल होण्यापूर्वीच थिजवून टाकते, कण वेडेवाकडे होतात आणि त्यांच्यावर ऑक्साइडही अधिक चढतो. गंमत अशी की दुसऱ्या एका धंद्यात हाच वेडेवाकडेपणा गुण ठरतो. मोटारींचे कित्येक लहान दात्यांचे भाग लोखंडी भुकटी साच्यात दाबून व नंतर भट्टीत भाजून करतात, आणि तेथे कण एकमेकांत अडकणे हेच इष्ट असते. या जातीच्या भुकटीचा धंदा महाराष्ट्राला अपरिचित नाही. स्वीडनच्या होगानेस कंपनीचा लोखंडी भुकटीचा कारखाना अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. परंतु साच्यात दाबण्याची भुकटी आणि लेसरखाली पसरण्याची भुकटी या एका कुळातल्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी बसवता येत नाही.

टायटॅनियमच्या बाबतीत तर अडचणींची परंपराच उभी राहते. हा धातू पोलादाहून बराच हलका, बळकट आणि न गंजणारा. म्हणून विमानाच्या भागांना आणि माणसाच्या शरीरात बसवावयाच्या कृत्रिम सांध्यांना तो फार मानवतो. पण १६६८ अंशांना वितळल्यावर तो इतका आक्रमक होतो की चिनी मातीच्या जातीची कोणतीही मूस त्याच्या संपर्कात शाबूत राहत नाही. मुशीतला ऑक्सिजन तो शोषून घेतो आणि आपले गुण घालवून बसतो. यावर पहिला तोडगा निघाला तो मुशीलाच रजा देण्याचा. टायटॅनियमची सळई उभी टांगून हळूहळू फिरवतात, तिचे टोक शंकूसारख्या विद्युत्‌वेटोळ्यात कोठेही स्पर्श न होता वितळते, आणि ठिबकणारा रस सरळ आर्गॉनच्या झोतात पडतो. दुसरा तोडगा वायूच्या झोतालाही रजा देतो. त्यात सळई मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे अशा वेगाने गरगरा फिरवतात, तिचे तोंड प्लाझ्माच्या ज्योतीने वितळवतात आणि रस केंद्रोत्सारी बळाने कडेवरून थेंबाथेंबाने उडून जातो. हे कण अत्यंत गोल, भरीव आणि उपग्रहरहित उतरतात; मात्र ते जाड असतात, आणि ते बारीक व्हावेत म्हणून सळईचा वेग वाढवीत जावे तर यंत्राची शक्ती आड येते. याच पद्धतीच्या आरंभीच्या रूपात ज्योतीऐवजी टंगस्टनच्या अग्राचा विद्युत्‌कंस वापरीत, तेव्हा टंगस्टनचे कण भुकटीत शिरत. प्लाझ्मा आला तो ही भेसळ टाळण्यासाठी. तिसरी रीत कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १९९० च्या दशकात पुढे आली. तीत टायटॅनियमची बारीक तार तीन प्लाझ्मा ज्योतींच्या संगमावर सोडतात; वितळवणे आणि फोडणे ही दोन्ही कामे एकाच क्षणी होतात, आणि ज्योतीच्या उष्णतेत थेंबाला गोल होण्यास पुरेसा वेळ मिळतो. तार ओढण्याचा खर्च तेवढा सोसावा लागतो.

परंतु उत्तम गोल कण निर्माण झाला म्हणजे कार्यभाग संपला असे नाही. आता त्याचे हवेपासून रक्षण करावयाचे असते. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा एक किलोचा एकच गोळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे १८० चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच किलोचे ३० मायक्रॉन व्यासाचे कण केले तर त्यांची संख्या सुमारे १,६०० कोटी होते, आणि त्यांच्या पृष्ठभागांची बेरीज ४५ चौरस मीटर, म्हणजे पुण्यामुंबईतील एखाद्या लहान बिऱ्हाडाच्या जमिनीइतकी होते. हवेला शिवण्यास मिळालेली जागा अशी अडीच हजार पटींनी वाढते. आपल्या रसवैद्यांनी वनस्पतींच्या रसात खलून, गोवऱ्यांच्या अग्नीत पुटांवर पुटे देऊन धातूंची भस्मे केली. तेथे धातूचा धातुपणा घालवणे हाच हेतू होता. भुकटीच्या कारखान्याचा हेतू नेमका उलटा आहे: कण बारीक व्हावा, पण धातुपणा रतिभरही ढळू नये. टायटॅनियमचे जे मिश्रण विमानांत सर्वाधिक खपते त्यात ऑक्सिजन शेकडा ०.२० पेक्षा आणि त्याच्या अधिक शुद्ध जातीत शेकडा ०.१३ पेक्षा जास्त चालत नाही, कारण मर्यादा ओलांडली की धातू कठीण होतो पण ठिसूळही होतो, आणि विमानाच्या भागाला ठिसूळपणासारखा शत्रू नाही.

पृष्ठभागाच्या याच विस्तारामुळे ही भुकटी आगीलाही आमंत्रण देते. ॲल्युमिनियम, टायटॅनियम किंवा झिर्कोनियमची बारीक धूळ हवेत तरंगू लागली तर कपड्यांच्या घर्षणातून उडालेली ठिणगीही स्फोटास पुरते. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील न्यू कंबरलंड येथे टायटॅनियम व झिर्कोनियमच्या भुकटीवर काम करणाऱ्या कारखान्यात ९ डिसेंबर २०१० रोजी झालेल्या स्फोटात तीन कामगारांचा बळी गेला. भुकटी ढवळणाऱ्या यंत्राचे पाते सदोष होऊन धातूवर धातू घासला, हे चौकशीत निष्पन्न झाले. अशा आगीवर पाणी ओतणे म्हणजे अनर्थ ओढवून घेणे होय, कारण तापलेला धातू पाण्यातील हायड्रोजन मोकळा करतो. तेथे कोरडी वाळू किंवा त्यासाठीच केलेली शुष्क द्रव्ये वापरतात. म्हणून सर्व यंत्रे व पिंपे जमिनीशी विद्युत्‌दृष्ट्या जोडलेली असणे, कामगारांची पादत्राणे स्थिर वीज साठू न देणारी असणे, आणि धूळ कोठेही साचू न देणे हा या कारखान्यांचा शिरस्ता आहे. निकेल व कोबाल्ट यांची धूळ फुप्फुसांना घातक असल्यामुळे मुखपट्टी व हातमोजे यांवाचून तिच्याजवळ कोणी जात नाही.

एवढे सारे झाल्यावर भुकटी चाळली जाते आणि परीक्षेला बसते. नरसाळ्याच्या अडीच मिलिमीटरांच्या छिद्रातून ५० ग्रॅम भुकटी किती सेकंदांत वाहून जाते ते पाहतात, नुसती ओतलेली आणि ठोकून बसवलेली अशा दोन्ही अवस्थांत तिची घनता मोजतात, लेसरच्या विकिरणावरून कणांच्या आकारांचे प्रमाण काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली गोलाई व पोकळी तपासतात, आणि ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन यांचे पृथक्करण करतात. हे सर्व आकडे त्या खेपेच्या दाखल्यावर नमूद होतात आणि तो दाखला भुकटीबरोबर जन्मभर फिरतो. जन्मभर म्हणण्याचे कारण असे की एका छपाईत तबकावर पसरलेल्या भुकटीचा थोडाच हिस्सा वितळतो. उरलेली चाळून, ताज्या भुकटीत मिसळून पुन्हा वापरावी लागते, कारण इतकी महाग वस्तू टाकून देणे परवडणारे नसते. मात्र प्रत्येक फेरीत तिच्यातील ऑक्सिजन किंचित चढतो आणि लेसरखालून उडालेले काजळलेले शिंतोडे तिच्यात मिसळतात. कोणती भुकटी कितव्यांदा वापरली, तिच्यात ताजी किती घातली, तिचा ऑक्सिजन कोठवर आला, याची वही चोख नसेल तर विमानाच्या भागाचा जामीन कोणी राहणार नाही.

आपल्या देशाची या व्यवहारातील स्थिती पाहिली तर तिच्यात समाधानाची आणि चिंतेची अशा दोन्ही बाजू दिसतात. केंद्र सरकारने २०२२ साली या उत्पादनपद्धतीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आहे. हैदराबादेत धातुभुकटी व नवीन पदार्थ यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे. चेन्नईच्या अग्निकुल या तरुण कंपनीने ३० मे २०२४ रोजी एकाच नगात छापलेल्या इंजिनावर आपला अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडवून दाखवला. टायटॅनियमच्या खनिजाची तर आपल्याकडे वाण नाही. केरळातील चवरा येथील वाळूत ते आहे, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही इल्मेनाइटच्या रूपाने आहे. चवरा येथे २०११ साली वर्षाला ५०० टन क्षमतेचा टायटॅनियम स्पंजचा, म्हणजे सच्छिद्र कच्च्या धातूचा, कारखानाही उभा राहिला. परंतु वाळूपासून स्पंज, स्पंजापासून ठोकळा, ठोकळ्यापासून सळई किंवा तार आणि तिच्यापासून निर्दोष गोल कण, असा हा मार्ग लांब आहे, आणि त्यातील प्रत्येक मुक्कामावर धातूला ऑक्सिजनपासून जपावे लागते. छपाईचे यंत्र पैसे मोजून आज मागवले तर उद्या येऊन बसू शकते. भट्टी, मनोरा, चाळणी, प्रयोगशाळा आणि वही यांची एका शिस्तीत बांधलेली साखळी मात्र तशी मागवता येत नाही. ती वर्षानुवर्षे माणसे तयार करून उभारावी लागते.

तेव्हा यापुढे एखाद्या संस्थेने किंवा कारखान्याने धातूची त्रिमितीय छपाई सुरू केल्याचे वृत्त वाचनात आले, तर वाचकांनी आणि विशेषतः त्या कामी पैसा गुंतवणाऱ्यांनी यंत्राची किंमत विचारून थांबू नये. भुकटी कोणाची, ती कोणत्या रीतीने केलेली, आणि तिचा दाखला कोण देतो, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे ज्या दिवशी आपल्याच देशातील कारखान्यांच्या दप्तरांतून मिळू लागतील, त्या दिवशी ही विद्या आपली झाली असे म्हणता येईल. तोपर्यंत ती परक्याच्या भांडवलावर चाललेली कारागिरीच राहील.